ब गावाचं पाणी

आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या दोन टपऱ्या होत्या. सगळा स्टाफ डावीकडच्या टपरीवर जायचा, कारण ती चार पावलं जवळ होती. हिवरेकर मॅडम रुजू झाल्या त्या दिवशी मी त्यांना रीतीप्रमाणे तिथं घेऊन गेलो. चहा झाल्यावर विचारलं, "कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "आत्ताच कसं सांगू?" आणि सरळ उजवीकडच्या टपरीवर जाऊन दुसरा कप मागवला. तोही सगळा प्यायल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "पहिला बरा होता. आलं मात्र याचं चांगलं."

मी मराठी शिकवायचो, त्या राज्यशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढाच आमचा संबंध होता. पण माझ्याकडे स्कूटर होती आणि मॅडमना गावं बघायची होती, त्यामुळं तो वाढला. बीडला एस. टी. स्टँडवरून कुठल्याही गावाला गाडी मिळायची, परतीच्या गाडीची खात्री मात्र कंडक्टरलाही नसायची. सुटीच्या दिवशी मॅडम माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "सर, पेट्रोल भरलंय," एवढंच म्हणायच्या. आदल्या संध्याकाळी माझ्याच मुलाला पाठवून त्यांनी खरंच भरून घेतलेलं असायचं. माझी बायको म्हणायची, "जा. नाहीतरी घरात बसून तुम्ही काय दिवे लावता?"

उंच, किडकिडीत बाई. सुती पातळ, खांद्याला झोळी, झोळीत पाण्याची स्टीलची बरणी. कुणी बोलायला लागलं की त्या चष्मा काढून हातात धरायच्या. "दिसायला लागलं की ऐकू येत नाही," असं त्यांचं म्हणणं. समोरच्याला वाटायचं, बाईंना आपल्यात काही रस नाही. तो आपला मोकळेपणानं बोलत सुटायचा. मॅडमना तेच हवं असायचं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं. "एकटी गोष्ट चांगलीही नसते आणि वाईटही नसते. तिच्या शेजारी दुसरी ठेवा, मग बोला." हे त्या प्राचार्यांच्या भाषणाबद्दल म्हणायच्या, वांग्यांबद्दल म्हणायच्या, आणि निवडून आलेल्या माणसाबद्दलही म्हणायच्या. आमच्या ग्रंथपालांनी मुलीला सांगून आलेल्या स्थळाचं कौतुक चालवलं होतं. मुलगा असा, घर तसं, जमीन बागायती. मॅडमनी चष्मा काढून सगळं ऐकलं आणि विचारलं, "छान. दुसरं स्थळ कोणतं आहे?" ग्रंथपाल आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांना 'तुलनाबाई' नाव पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या अंदाजानं थोडं आवडतही होतं.

पीएच. डी.साठी त्यांनी विषय घेतला होता लोकशाही कारभार, नोकरशाही आणि नागरिकांचा सहभाग यांचा, आणि तोही दोन गावांच्या तुलनेतून. शीर्षक एवढं लांब होतं की विभागप्रमुखांनी ते वाचताना मध्ये थांबून घोटभर पाणी घेतलं. पण मॅडमचा मूळ प्रश्न साधा होता. सरकार एकच, कायदा एकच, जिल्हा एकच. मग एका गावात माणूस सभेत उठून बोलतो आणि दुसऱ्या गावात गप्प का बसतो?

एक गाव दिंद्रुडच्या बाजूचं होतं, दुसरं कपिलधारकडच्या डोंगराला लागून. गावांची नावं कुठंही यायची नाहीत, असा त्यांचा दंडक. त्यांच्या लेखी एक अ गाव आणि दुसरं ब गाव. मीही तो दंडक पाळतो. आता त्या नाहीत, तरी नावं सांगितली तर झोळी खांद्याला लावून समोर उभ्या राहतील असं वाटतं.

या अ आणि ब वरून एकदा मोठाच घोळ झाला. पंचायत समितीतल्या कुणीतरी तोंड सैल सोडलं आणि डोंगराकडच्या गावाला कळलं की आपण 'ब' आहोत. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर सरपंच नाना पारावर वाट बघत बसलेले. नाना म्हणजे अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. गावचे सरपंच तेच आणि सोसायटीचे चेअरमनही तेच. गावात दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर नानाच बसायचे, म्हणून गावात कसली चुरस अशी नव्हती.

"बाई, एक इचारू का?" नाना म्हणाले. "आमी ब कावून?"

मॅडम म्हणाल्या, "नाना, ते नुसतं नाव आहे. ओळखायला."

"ओळखायला मंग त्यायलाच ब म्हना की! शाळेत अ तुकडी हुशार पोरांची आसती आन ब तुकडी ढ पोरांची. मला का कळत न्हाई? काय कमी हाय आमच्या गावात? सभागृह हाय, सोसायटी हाय, मारुतीला नवा कळस हाय."

"तसं नाही, मी आधी त्या गावी गेलते, म्हणून ते अ."

"मंग आमच्याकडं आधी कावून न्हाई आल्या?"

मॅडमनी चष्मा घातला, काढला, आणि गंभीरपणे कबूल केलं की पुढच्या प्रकरणात ब आधी येईल आणि अ नंतर. नानांचं समाधान झालं. पण त्या दिवसापासून अ गाव कुठलं, तिथं काय चालतं, याची त्यांना सारखी टोचणी लागून राहिली. बोलता बोलता विचारायचे, "तिकडं सभागृहाला फरशी हाय का?" मॅडम हसून गप्प बसायच्या. इकडचं तिकडं सांगायचं नाही, हा त्यांचा दुसरा दंडक. "ती चहाडी झाली. संशोधन आणि चहाडी यात एवढाच फरक असतो, की संशोधन उशिरा सांगतात," असं त्या म्हणायच्या.

तिसरा दंडक पाण्याचा. त्याबद्दल सांगण्याआधी तहकूब सभेबद्दल सांगायला हवं, कारण मॅडमच्या अभ्यासाचा जीव त्यात होता.

ग्रामसभेला ठरावीक माणसं हजर लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा माणसांची अट नसते, जे येतील तेवढ्यांत ठराव होतो. झालं. आमच्याकडच्या शहाण्या माणसांनी यातलं मर्म बरोबर हेरलं. पहिल्या सभेला कुणी जायचंच नाही. ग्रामसेवक सतरंजी घालणार, पारावरच्या कुत्र्याकडं बघत बसणार, आणि तहकूब म्हणून उठणार. आठवड्याभरानं खरी सभा. गावात कुणी 'सभा कवा हाय?' असं विचारायचंच नाही. विचारायचं ते, "तहकूब कवा हाय?"

मॅडमनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मला पुढं कधी दिसला नाही. परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागून ओरडून सांगत होत्या, "सर, कायदा म्हणतो लोक आले नाहीत तर ही पळवाट. आणि लोकांनी पळवाटेचाच रस्ता केला!" मला त्यात आनंदासारखं काय आहे ते कळलं नाही. समोरून उसाची गाडी येत होती आणि माझं लक्ष तिकडं होतं.

तहकूब दोन्ही गावांत चालायची. पण अ गावातल्या तहकूब सभेला बाया बोलायच्या आणि ब गावातल्या बाया बाहेर ओट्यावर बसून कान द्यायच्या, बोलायच्या नाहीत. मॅडमचा आधी अंदाज होता की जिथं सहकार रुजला तिथं माणसाला सभेची सवय होते. पण सोसायटी तर ब गावातही होती. मग त्यांनी अ गावात सकाळी सकाळी जाऊन दूध संस्थेच्या ओट्यावर बसायला सुरुवात केली. तिथं बाया दूध घालायला यायच्या आणि रोज भांडायच्या. फॅट कमी का लावली, माप का हललं, कालची म्हैस आज बदलली का रे? संस्थेचा सचिव घामाघूम व्हायचा. रोज सकाळी पदर खोचून असं भांडलेल्या बाईला सरपंचाची काय भीती? मॅडम म्हणाल्या, "सहकारानं नाही, सर. फॅटनं बोलायला शिकवलं." पुढं दुष्काळात म्हशी गेल्या, काही चारा छावणीत, काही बाजारात. दूध आटलं, पण बायांची तोंडं काही आटली नाहीत.

आता पाणी. मॅडम कुठल्याच गावात पाणी प्यायच्या नाहीत. चहा नाही, सरबत नाही, ताक नाही. आपली बरणी, आपलं पाणी. "दुष्काळात पाणी ही देणगी असते," त्या म्हणायच्या. "देणगी घेतली की बाजू घेतली. ज्याचं पाणी प्यायलो, त्याच्याबद्दल मी खरं लिहिणार नाही." नानांनी लई आग्रह केला, नंतर लई राग धरला, शेवटी म्हणाले, "बाई शिकलेल्या हायत, त्यायचं तसंच आसतं," आणि विषय सोडून दिला.

पण वस्तीवर तसं झालं नाही. ब गावाची वस्ती ओढ्याच्या पलीकडं होती. तिथली बहुतेक घरं ऊसतोडीला जायची. हंगाम लागला की गाड्या भरून कर्नाटकाकडं नाहीतर पश्चिमेच्या कारखान्यांवर जायची. मागं म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कोंबड्या. वस्तीवरच्या माणसांच्या हातचं पाणी गावातल्या काही घरांत चालत नसे. कुणी बोलून दाखवत नसे, पण कुणी विसरतही नसे.

सोजरबाई त्या वस्तीवरची. वय झालेलं, एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज मात्र खणखणीत. मुलगा आणि सून तोडीला गेलेले, नातवंडं हिच्याकडं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं घरातला एकुलता एक काचेचा ग्लास राखेनं घासला, पाण्यानं भरला आणि मॅडमपुढं धरला. मॅडमनी हात जोडले आणि झोळीतली बरणी काढून दाखवली. "माझं आहे माझ्याकडं."

सोजरबाईनं ग्लास मागं घेतला. पाणी परत हंड्यात ओतलं. थेंब सांडू न देता ओतलं, हे मी बघितलं. मॅडम वस्तीतल्या बायांशी बोलत पुढं गेल्या तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सायेब, बाईला आमचं पानी चालत न्हाई व्हय?"

मी काहीतरी सारवासारव केली. येताना स्कूटरवर मॅडमना सांगितलं. त्यांनी झोळी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "मी नानांकडंही पीत नाही, सर."

"ते तिला कुठून दिसणार? तिला एकच दिसलं."

त्यांचंच वाक्य मी त्यांना परत केलं होतं, पण तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्यांच्या आलं असावं. पुढच्या खेपेपासून त्यांनी बरणी आणणंच बंद केलं. दिवसभर ना स्वतःचं प्यायच्या ना कुणाचं. चैत्राच्या उन्हात ओठ पांढरे पडायचे. मी चिडायचो. एकदा स्पष्टच म्हणालो, "मॅडम, घेरी येऊन पडलात तर लोकशाही काय करणार आहे?" त्या म्हणाल्या, "ती तहकूब करू." पण पाणी काही घेतलं नाही. सोजरबाईनंही पुन्हा ग्लास पुढं केला नाही. दोघी शेजारी बसायच्या, बोलायच्या, आणि मध्ये तो न दिलेला ग्लास असायचा.

त्या वर्षी ब गावाच्या विहिरीनं मार्चातच तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. तो गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि विहिरीवर जी झुंबड उडायची तिच्यात वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचा काय निभाव लागणार? ओढा उतरून, चढ चढून त्या येईपर्यंत विहिरीत गाळ उरलेला असायचा. सोजरबाईची मोठी नात शाळा सोडून हंडा घेऊन पुढं पळायची. सोजरबाईनं ग्रामसेवकाला विनवलं, टँकर आधी वस्तीवर घडीभर थांबवा, आमचा हौद भरू द्या, मग गावात न्या. ग्रामसेवक म्हणाला, नियमात बसत नाही. एका फेरीला एकच ठिकाण. जिल्ह्याचा नियम आहे.

हे ती आम्हाला सांगत होती तेव्हा मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी चष्मा घातलेला होता. ऐकताना त्या कधी घालायच्या नाहीत.

कारण त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं. अ गावात तोच टँकर, त्याच जिल्ह्याचा, आधी वस्तीच्या हौदावर थांबायचा आणि मग गावात जायचा. तिथल्या दुधवाल्या बायांनी सभेत भांडून तसा ठराव घेतला होता आणि तहसीलनं तो मुकाट मान्य केला होता. जिल्ह्याचा तसा नियम बियम काही नव्हता. ग्रामसेवकाला गाडी आणखी एकदा वळवून घ्यायचा कंटाळा होता आणि नानांना विहिरीजवळच्या घरांची मतं हवी होती.

सोजरबाई म्हणाली, "बाई, तुमी लई गावं हिंडता. तिकडं टँकर कुटं थांबतो? तेवढं सांगा."

मॅडम म्हणाल्या, "तिकडचं मला इकडं सांगता येत नाही, आजी."

"कावून?"

"माझा अभ्यास आहे तसा."

सोजरबाईनं थोडा विचार केला. रागावली नाही. "बरं," म्हणाली. "तहकुबीला याल ना पर?"

परतीला मी विषय काढला. सांगून टाका, म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "सर, मी सांगितलं तर ब गाव ब राहणार नाही. त्यात मी मिसळेन. मग मी कशाची कशाशी तुलना करते आहे? सहा उन्हाळे मी याच्यावर घातलेत." आवाज शांत होता, पण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला होता. स्वतःच्या कामाबद्दल त्यांना भीती वाटलेली मी तेव्हाच बघितली. मला त्यांची दया आली आणि सोजरबाईचीही, आणि दोघींचंही त्या एकाच टँकरवर अडलं होतं.

तहकूब सभा मारुतीच्या सभागृहात होती. आत सतरंजीवर पुरुष, नाना मधोमध, शेजारी ग्रामसेवक. बाहेर ओट्यावर बाया, आणि त्यांच्यात मॅडम, भिंतीला टेकून, चष्मा हातात. मी चपलांजवळ उभा होतो. छावणीच्या चाऱ्याचं झालं, शाळेच्या पत्र्याचं झालं. मग सोजरबाई ओट्यावरून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. आतली कुजबुज थांबली. त्या गावात दारात उभं राहून बोललेली ती पहिली बाई असावी.

"वस्तीवर टँकर थांबवा," ती म्हणाली. "घडीभर."

कुणीतरी मागून म्हणालं, "बस गं, म्हातारे!" काहीजण हसले. नानांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. नाना तसे दुष्ट नव्हते, त्यांना नुसतीच सवय होती.

"सोजरे, थांबवला आसता. पर नियमात न्हाई बसत. जिल्ह्याचा नियम हाय. हाय का न्हाई, भाऊसाहेब?" ग्रामसेवकानं मान डोलावली.

सोजरबाई ओट्याकडं वळली. सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, खरं हाय का ह्ये?"

आता यात तिकडचं इकडं सांगायचा प्रश्नच नव्हता. नियम आहे की नाही, एवढंच तिनं विचारलं होतं. होय म्हटलं तर खोटं आणि गप्प बसलं तर तेही खोटंच. त्या बाईनं सापळा लावला होता असं मला वाटत नाही. ज्याला माहीत असेल त्याला विचारावं, एवढा तिचा सरळ हिशेब.

मॅडम उठल्या. त्यांनी चष्मा घातला, पदर सारखा केला आणि दारात सोजरबाईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"असा नियम नाही," त्या म्हणाल्या. "एका फेरीत दोन ठिकाणी टँकर थांबतो. याच जिल्ह्यात. मी बघितलंय."

ग्रामसेवक खाली बघायला लागला. नानांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता संपलं. बाईंना गावबंदी.

नानांनी हळूच विचारलं, "कुटं बघितलं?"

"नाव नाही सांगणार."

"अ गावात?"

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला.

"अ गावातच!" नानांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी त्यायला जमतं आन आमाला जमत न्हाई व्हय? काय समजून ऱ्हायले ते? आं? लिवा भाऊसाहेब! टँकर आदी वस्तीवर. आदी! आन घडीभर न्हाई, हौद भरस्तवर. त्यायच्यापेक्षा चांगला ठराव झाला पायजे. बाई, आता आमी अ का ब?"

सभेत हशा पिकला. ग्रामसेवक लिहायला लागला. मॅडमना हसावं का रडावं कळेना, ते मला लांबूनही दिसत होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी सगळी पुस्तकं वाचली, तिचा निकाल नानांच्या ईर्ष्येनं लावला होता. नागरिकांचा सहभाग म्हणतात तो असाही होतो, हे कुठल्या प्रकरणात घालणार?

दोन दिवसांनी आम्ही मुद्दाम गेलो. टँकर वस्तीवर आला, हौद भरला, बायांनी हंडे भरले. सोजरबाईनं तोच काचेचा ग्लास आणला, घासलेला. मॅडमपुढं नुसता धरला. मॅडमनी तो घेतला आणि उभ्यानं, एका दमात सगळा प्यायल्या. मग आणखी मागितला. दुसरा ग्लास पिताना सोजरबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

स्कूटरवर बसताना मॅडम म्हणाल्या, "सर, ब गाव गेलं."

त्यांनी ते खरंच सोडलं. मार्गदर्शकांनी खूप समजावलं. त्या एका सभेबद्दल लिहू नका, कोणाला कळणार आहे? नाहीतर तिसरं गाव घ्या, क म्हणा. मॅडम म्हणाल्या, क गावातही कुणीतरी मला काहीतरी विचारणारच. त्यांनी दोन्ही गावांवरचं काम थांबवलं. एकट्या गावाची तुलना होत नाही, हे तर त्याच सगळ्यांना सांगत आल्या होत्या. निवृत्त झाल्या त्या मॅडम म्हणूनच, नावाआधी डॉक्टर लागलं नाही. निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले, "संशोधनाची आवड होती." मला त्या माणसाचा फार राग आला. अजून येतो.

त्या गेल्या तेव्हा मी मुलाकडं परगावी होतो, मला उशिरा कळलं. पण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते ब गावातच. पुन्हा दुष्काळ होता. मी कपिलधारला गेलतो, येताना सहज गाडी वळवली. सभागृहापुढं चपलांचा ढीग. सभा चालू होती, अर्थातच तहकूब. नाना थकले होते, खुर्चीवर आता त्यांचा पुतण्या होता. सोजरबाई राहिली नव्हती. बाया आता आत बसल्या होत्या, भिंतीच्या कडेनं, आणि त्यांच्या रांगेत झोळी मांडीवर घेऊन मॅडम. निवृत्तीनंतर त्या एस. टी.नं येत असत, हे मला तिथंच कळलं.

छावणीवरून वाद चालला होता. पुतण्या म्हणाला, "तसं करता येत न्हाई. वरून आदेश हाय." तेवढ्यात सोजरबाईची सून उठली. ती त्या वर्षी तोडीला गेली नव्हती. तिनं पुतण्याकडं बघितलंच नाही.

"हिवरेकर मॅडम," ती म्हणाली, "बाकीच्या गावांत काय करतात?"

सगळी सभा मॅडमकडं वळली. नाना वळले, पुतण्या वळला, ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. मॅडमच्या तोंडाला तांब्या लागलेला होता. आत्ताच कुणीतरी वस्तीवरून भरून आणलेला. त्यांनी तांब्या तोंडाशी तसाच धरून दुसरा हात वर केला, थांबा म्हणून, आणि सावकाश पाणी पीत राहिल्या. सभा थांबली होती.